शेठ वालचंद आणि गेटवरची नवी पाटी

वालचंद हे नाव उच्चारलं की आपल्यापैकी दहातल्या नऊ जणांना सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. बारावीनंतर ऑप्शन फॉर्म भरताना आपण ते वरच्या नंबरावर टाकलेलं असतं. लिस्ट लागते, कटऑफ कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि मग जिथं नंबर लागला तिथल्या हॉस्टेलवर आपण गादी, बादली आणि ट्रंक घेऊन हजर होतो. माझंही असंच झालं. पण हे वालचंद कोण, असं तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर एखादे जुने प्रिन्सिपॉल असतील असं सांगून मी मोकळा झालो असतो. त्यांची खरी ओळख झाली ती एका गोळीमुळे आणि आमच्या अण्णांच्या कंपनीमुळे.

आमचं घर नगरला सावेडीत, पाइपलाइन रोडच्या एका गल्लीत. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एस.टी.त तिकीट काढताना तोंडात नगरच येतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९९८ पासून नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर आहेत. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सकाळी सातच्या पाळीला मनमाड रोडवर डबे अडकवलेल्या गाड्यांची रांग लागते, त्यातली एक अण्णांची. मी दर शनिवारी हॉस्टेलवरून घरी जातो, कपडे धुवायला टाकतो आणि रविवारी रात्री परत येतो.

फेब्रुवारी २०२४ मधला एक शनिवार. मी सेकंड इयरला होतो. अण्णा जेवताना गप्प होते. आईने खुणेनं सांगितलं की कंपनीत काहीतरी गडबड आहे. मग हळूहळू कळलं, कंपनी विकली जाणार अशी चर्चा होती. कोणी मर्जर म्हणत होतं, कोणी टेकओव्हर, तर कोणी म्हणे फक्त मशिनरी जाणार. अण्णांनी मला विचारलं, की तू इंजिनिअर होणार आहेस, तर या तिन्हींत फरक काय आणि आमचं काय होणार ते सांग. मला थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगता आला असता, हे नाही. मी ताटाकडे बघत बसलो.

त्याच दिवसांत पेपरला बातमी आली होती की रावळगावची चॉकलेटं रिलायन्सनं घेतली. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, आपल्या आईवडिलांच्या पिढीने वाढदिवसाला वर्गात वाटलेल्या गोळ्या. किंमत २७ कोटी रुपये. बातमी नीट वाचली तर त्यात एक गंमत होती. रिलायन्सच्या कंपनीला मिळाली ती नावं, ट्रेडमार्क आणि गोळ्यांची कृती. जमीन, इमारत, यंत्रसामग्री मात्र जुन्या रावळगाव शुगर फार्मकडेच राहणार होती. म्हणजे विकलं काय? गोळी विकली, कारखाना नाही विकला! मग अण्णांच्या कंपनीतलं नक्की काय विकलं जाणार होतं?

सोमवारी लायब्ररीत रावळगाव शोधायला बसलो आणि पहिल्याच ओळीत संस्थापकाचं नाव आलं, वालचंद हिराचंद. तिथून पुढे दोन आठवडे मी त्यांच्यामागे लागलो. जर्नल सबमिशन राहिलं, ते वेगळं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजराती दिगंबर जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेले. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाचा व्यापार. आई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली. मुलगा मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकला, पण पदवी घेतली नाही. आपल्यातल्या बॅकलॉगवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, कारण पुढे या माणसाने जे केले त्याला अभ्यास भरपूर लागला. फक्त तो परीक्षेचा नव्हता.

घरच्या व्यापारात वालचंदांचे मन रमले नाही. त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे गृहस्थ भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कंत्राटे कशी निघतात, माती कशी मोजतात, बिल कुठे अडते हे त्यांना पाठ होते, पण गाठीला पैसा नव्हता. वालचंदांच्या घरी पैसा होता आणि बाजारात पत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघे भागीदार झाले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. ते वाचताना मला पहिली गोष्ट समजली. दोन धंदे एकत्र येतात तेव्हा मागे बहुधा हाच हिशेब असतो. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे असते, आणि ते नव्याने उभारण्यापेक्षा जोडून घेणे स्वस्त पडते. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला सिनर्जी असा भारी शब्द आहे. फाटकांना तो शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं, काम मात्र तेच केलं.

पहिल्या महायुद्धात लष्कराच्या बांधकामांची कंत्राटे मिळाली आणि पैसा आला. १९२० मध्ये वालचंद-फाटकांचा धंदा आणि टाटांचे भांडवल एकत्र येऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी झाली. नाव टाटांचे, पण काम अंगावर घेणारे वालचंद. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावापासून मुंबईपर्यंतची पाण्याची मोठी नळवाहिनी, अशी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. आपण पुणे-मुंबई ट्रेनने जाताना बोगद्यात शिरल्यावर ओरडतो, तेव्हा यातलं काही डोक्यात नसतं. पुढे ही कंपनी वालचंदांच्याच ताब्यात आली आणि तिचे नाव प्रीमिअर कन्स्ट्रक्शन झाले. पाटी बदलली, बोगदे तेच राहिले.

आता जहाजाची गोष्ट. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जहाज विकायला होते. नाव लॉयल्टी. मूळचे ते एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचे, १८९० साली पाण्यात उतरलेले प्रवासी जहाज. महायुद्धात महाराजांनी ते विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी तरंगते हॉस्पिटल केले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना बरोबर घेतले, जहाज विकत घेतले आणि मार्च १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय कंपनीचे जहाज त्या मार्गावर निघाले म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात.

पण धंदा म्हणून पाहिलं तर हा सौदा तोट्याचा निघाला. जहाज जुनं, हॉस्पिटलसाठी बदललेलं, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मोठा. चार-पाच वर्षांत ते भंगारात गेलं. सेकंड हँड बाइक घेताना आपण मेकॅनिकला बरोबर नेतो, इंजिनचा आवाज ऐकतो, आर.सी. बुक बघतो. कंपन्या विकत घेतानाही अशीच तपासणी करतात, कर्ज किती, कोर्टकज्जे किती, यंत्रं किती झिजलेली, कामगारांची देणी किती. वालचंदांनी उत्साहाच्या भरात ती तपासणी कमी केली असावी असं मला वाटतं. मात्र जहाज गेलं तरी कंपनी राहिली.

खरी परीक्षा पुढे होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीचे राज्य होते. १९१४ साली ही कंपनी आणि पी अँड ओ ही दुसरी बलाढ्य कंपनी एकत्र आल्या होत्या आणि दोन्हींचे सुकाणू लॉर्ड इंचकेप यांच्या हाती होते. याला म्हणतात मर्जर. दोन स्पर्धक एक झाले की बाजारात तिसऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. एखादी नवी देशी कंपनी आली की मोठी कंपनी भाडे पार खाली आणायची. लहान कंपनीचा कोळशाचा खर्चही निघेना, की ती बुडायची. मग भाडे पुन्हा वर! तुतिकोरिनच्या चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली काढलेली स्वदेशी कंपनी अशाच मारामारीत संपली. शिवाय आणखी एक युक्ती होती. जो व्यापारी ठरावीक काळ फक्त त्यांच्याच जहाजाने माल पाठवील त्याला भाड्याचा काही भाग नंतर परत मिळायचा. मधेच एकदा दुसऱ्याचे जहाज वापरले की साचलेली सवलत गेली. आजचं कॅशबॅक काही नवीन नाही, हे वाचून मी रूममेटला दाखवलं.

सिंधिया बुडत नाही असे दिसल्यावर दुसरा मार्ग पुढे आला. सिंधिया कंपनीच विकत घेण्याचा प्रस्ताव इंचकेप यांच्याकडून आला. संचालकांना पैसे घेऊन सुखाने घरी बसता आले असते. त्यांनी नकार दिला. पण नकाराचीही किंमत मोजावी लागली. १९२३ साली जो दहा वर्षांचा करार झाला त्यात सिंधियाने किनारी मालवाहतुकीत ७५ हजार टनांच्या मर्यादेत राहावे, प्रवासी वाहतूक करू नये, अशा अटी पडल्या. वालचंदांना हा करार गुलामगिरीसारखा वाटे. तरी त्यांनी आणि नरोत्तम मोरारजींनी तो पाळला, त्या काळात कंपनी जगवली आणि माणसं तयार केली. १९२९ मध्ये मोरारजी अपघातात गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले. पुढे कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंधियाच्याच ताब्यात आली. जिला गिळायला निघाले होते तिने दुसरीला गिळलं! कोकणातल्या मित्रांच्या आजोबांनी मुंबईला जाताना ज्या बोटीत उलट्या केल्या, त्या बोटींच्या मालकीची ही कथा आहे.

मार्सलँड प्राइसचं प्रकरण मला सगळ्यात मजेशीर वाटलं. १९०८ साली नोंदवलेली ही बांधकाम कंपनी वालचंदांकडे आली. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर त्यांनी याच कंपनीच्या नावाने ऊस लावला आणि १९३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा केला. बांधकामाची कंपनी साखर करू लागली! आज त्या गावाला आपण वालचंदनगर म्हणतो आणि त्या जुन्या कंपनीचं नाव वालचंदनगर इंडस्ट्रीज आहे. साखर कारखान्याची यंत्रं दुरुस्त करता करता तिथं मोठी वर्कशॉप झाली, आणि पुढे त्याच वर्कशॉपमधून इस्रोच्या रॉकेटचे भाग निघाले. म्हणजे कागदावर कंपनी १९०८ ची एकच, पण तिने धंदा दोन-तीनदा बदलला. कंपनी म्हणजे तिची इमारत नाही आणि तिचा मालही नाही. कायद्याच्या दृष्टीने ती एक स्वतंत्र व्यक्ती असते. तिचे शेअर ज्याच्याकडे तो मालक. शेअर हात बदलतात तेव्हा कंपनी स्वतः बदलत नाही. तिची देणी, तिचे करार, तिचे कामगार सगळं तिच्याच नावावर राहतं.

हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या शनिवारी अण्णांना सांगितलं. जर कोणी तुमच्या कंपनीचे शेअर विकत घेतले असतील, तर तुमचा मालक कायद्याने तोच, कारण तुमची नेमणूक कंपनीने केली आहे, शेठने नाही. दोन कंपन्या मिळून एक झाल्या, तर ते मर्जर. त्याला भागधारकांची आणि सावकारांची मंजुरी लागते, कंपनी न्यायाधिकरणाचा आदेश लागतो, आणि जुन्या कंपनीची देणीघेणी नवीकडे जातात. पण रावळगावसारखं फक्त नाव आणि कृती विकली, किंवा एखादा विभाग तेवढा उचलून दुसऱ्याला दिला, तर मात्र काय गेलं आणि काय राहिलं ते करारातच बघावं लागतं. अण्णांनी नीट ऐकलं आणि म्हणाले की आमचं तिसरं दिसतंय. आमचा मशिन शॉप चालू स्थितीत दुसऱ्या कंपनीला देणार आहेत.

पुन्हा वालचंदांकडे येतो, कारण त्यांच्या आयुष्यातला विकण्याचा भाग अजून राहिला आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनला विमाने पुरवत होता. वालचंदांच्या डोक्यात विमानाच्या कारखान्याने घर केले. म्हैसूर संस्थानाने बंगळूरजवळ जागा आणि भांडवलात वाटा दिला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये तिथून जोडलेले पहिले विमान उडाले आणि त्याच वर्षी भारत सरकारही भागीदार झाले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले, युद्ध दाराशी आले, आणि सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचा हिस्सा विकत घेतला. स्वप्न उभे राहून दीड वर्षही झाले नव्हते. इंचकेप यांना नाही म्हणणाऱ्या माणसाला इथे नाही म्हणता आले नाही. सगळेच सौदे आपल्या मर्जीने होत नाहीत.

विशाखापट्टणमला तेच झाले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाज बांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. १४ मार्च १९४८ रोजी जल उषा हे तिथे बांधलेले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पण जहाज बांधणी हा पैसा खाणारा धंदा. १९५२ मध्ये सरकारने दोन तृतीयांश हिस्सा घेतला, १९६१ मध्ये उरलेला. आज तो हिंदुस्थान शिपयार्ड आहे. मोटारींचा कारखाना, कुर्ल्याचा प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, १९४४ साली निघाला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार, मग इटलीच्या फियाटशी. इथे कोणी कोणाला विकत घेतले नाही, तंत्रज्ञान परवान्यावर आणले. ती गाडी पुढे प्रीमिअर पद्मिनी म्हणून मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. पुढे भावांच्या कुटुंबांत उद्योग वाटले गेले. वाटणी होणे हाही याच विषयाचा भाग, फक्त उलट्या बाजूने. त्यांना नुसते देशभक्त म्हणून देव्हाऱ्यात बसवायला मला आवडणार नाही. ते धंद्यातले पक्के होते, सरकारशी भांडत होते आणि सरकारकडूनच संरक्षण व कंत्राटेही मागत होते. पण इंग्रजांच्या राज्यात विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींचा कारखाना काढायला निघालेला दुसरा माणूस मला सापडला नाही.

आता बघा, त्यांनी उभारलेल्यापैकी काय उरलं. सिंधियाची जहाजं राहिली नाहीत. प्रीमिअर २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. रावळगावच्या गोळ्या दुसऱ्याच्या झाल्या. उलट जे त्यांच्या हातून सरकारने घेतलं ते सगळ्यात मोठं झालं. १९६४ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि एरोनॉटिक्स इंडिया यांचं विलीनीकरण होऊन आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आपली एचएएल, तयार झाली. तिचा एक कारखाना आपल्या शेजारीच, नाशिकजवळ ओझरला आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बांधलेल्या तेजस मार्क वन-ए विमानाने पहिलं जाहीर उड्डाण केलं. आपले किती सीनिअर तिथं अप्रेंटिस म्हणून गेले! मालक बदलल्याने कारखाना मरतोच असं नाही, आणि मालक तोच राहिल्याने जगतोच असंही नाही. आमच्या नगरातच बघा ना. किनेटिकने १९८४ मध्ये होंडाबरोबर भागीदारी केली, १९९८ मध्ये होंडाचा वाटा विकत घेतला आणि २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्राला दिला. आजोबांची लुना मात्र अजून आमच्या जिन्याखाली उभी आहे.

इतकं वाचून झाल्यावर मला एक प्रश्न टोचायला लागला. या सगळ्या चरित्रात करार आहेत, लॉर्ड आहेत, महाराज आहेत. १९४२ मध्ये विमान कारखाना सरकारकडे गेला, त्या दिवशी लेथवर उभा असलेल्या माणसाला काय सांगितलं गेलं, ते कुठेच नाही. तो अण्णांचा प्रश्न होता.

जून २०२४ मध्ये अण्णांना त्याचं उत्तर एका पत्राच्या रूपाने मिळालं. नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. पगार तोच, पाळी तीच, टोकन नंबर तीन आकड्यांचा होता तो सहा आकड्यांचा झाला. सही करून लगेच परत द्यायचं होतं. अण्णांनी सही केली नाही, घडी घालून घरी आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना दिसलं, की रुजू झाल्याची तारीख १ जुलै २०२४ लिहिली होती.

एक छोटा हिशेब करू. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा महिन्याचा पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा बेसिक आणि महागाई मिळून १८ हजार रुपये आणि नोकरी २६ वर्षं. २६ ला २६ ने भाग जातो, उरतात १८ हजार गुणिले १५, म्हणजे २ लाख ७० हजार. जुन्या कंपनीने हिशेब केला नाही आणि नवीने तारीख आजची धरली, तर हे पैसे मागायचे कोणाकडे? एका तारखेत २६ वर्षं गेली.

आमच्या इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या सरांना ते पत्र दाखवलं. त्यांनी सांगितलं की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ नेमकं यासाठीच आहे. कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कामगाराला नुकसानभरपाई मिळते. ती टाळायची असेल तर मालकाला तीन गोष्टी पाळाव्या लागतात. नोकरीत खंड पडता कामा नये, नव्या अटी आधीपेक्षा वाईट असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झाली तर नव्या मालकाने जुनी नोकरी धरूनच भरपाई दिली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, आणि तिच्यातही ही तरतूद आहे.

अण्णा आणि त्यांच्या पाळीतले सगळे मिळून पर्सोनेलमध्ये गेले. भांडण नाही, घोषणा नाहीत. फक्त एकच मागणी, तारीख दुरुस्त करा आणि जुनी नोकरी सलग धरली असं लेखी द्या. दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात घरी कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझी सेमिस्टरची फी भरायची होती, अण्णांनी ती सोसायटीतून उचल घेऊन भरली आणि मला सांगितलंही नाही. शेवटी नवीन पत्रं आली. तारीख १९९८ ची. ते पत्र आता आमच्या कपाटात एलआयसीच्या पॉलिसीबरोबर आहे.

पण गोष्ट इथे गोड करून संपवली तर ते खोटं होईल. अण्णांच्याच शॉपमध्ये कंत्राटदाराची मुलं होती. माझ्या वयाची, दोघं तर आयटीआय करून आलेली. त्यांना पत्रच आलं नाही, ना चुकीच्या तारखेचं ना बरोबर. नव्या कंपनीने कंत्राटदार बदलला आणि जुलैमध्ये त्यांना गेटवरून परत जावं लागलं. त्यातला एक कधी कधी प्रेमदान चौकात भेटतो. तो कोणाच्याच हिशेबात नव्हता. विलीनीकरण समजून घ्यायचं तर हेही समजून घ्यायला हवं.

म्हणून मित्रांनो, फायनल इयरला कॅम्पसमध्ये आपल्या हातात ऑफर लेटर पडेल तेव्हा पॅकेजचा आकडा बघून लगेच पार्टीला पळू नका. लेटर कोणत्या कंपनीच्या नावाने आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे, तारीख काय आहे, हे खोलीवर बसून एकदा वाचा. पुढे मागे ती कंपनी कोणी घेईलच. आपल्यातला एखादा उद्या दुसऱ्याचा कारखाना विकत घेईल. त्याने यंत्रं मोजताना यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची वर्षंही मोजावीत, त्यातल्या कंत्राटी पोरांचीसुद्धा.

अण्णा अजून त्याच लेथवर आहेत. गेटवर नवी पाटी लागली आहे, निळी, मोठ्या अक्षरांची. जुनी पाटी काढली तिथले चार बोल्ट भिंतीत तसेच आहेत. अण्णा म्हणतात, एम बारा आहेत, कापायला पाच मिनिटं लागतील, पण कोणी सांगत नाही म्हणून कोणी कापत नाही.